दारात घेतात, पंक्तीला बसवत नाहीत? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर्वसमावेशक, म्हणजे समलिंगी माणसांसकट सगळ्यांना सामावून घेणाऱ्या चर्चमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मी गेल्या आठवड्यात लिहिलं, त्यावर एका वाचकाची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. थोडक्यात ती अशी: मावशींना चर्चच्या चहा-बिस्किटांची गोडी लागलेली दिसते, हे लोक तुम्हाला दारात घेतात, पंक्तीला बसवत नाहीत, कॉन्फ्रारियांमधली (चर्चच्या धार्मिक मंडळांमधली) जात आणि इन्क्विझिशन (पोर्तुगीज काळातलं गोव्यातलं धर्मन्यायालय) यांवर मावशी गप्प, आणि असल्या लेखांनीच माणसं बाटतात.

आधी 'मावशी'चं बोलते. बाजारात, बसमध्ये अनोळखी मुलं मला मावशी म्हणतात, मला ते आवडतं. तुमचं 'मावशी' तसलं नाही. एकसष्ट वर्षांच्या बाईला काय कळतंय, हा त्यातला सूर आहे. मुद्दा खोडायचा तर खुशाल खोडा, पण बाई तिथे चहा प्यायला गेली होती, हा कुठला मुद्दा? माझ्या लेखात चहावर एकच वाक्य आहे: प्रार्थनेनंतर चहाला थांबायचा आग्रह करतील, सक्ती नसते. तेवढ्यावरून तुम्ही माझी लायकी काढलीत. समोरासमोर असतो तर काढली असती का?

एक चूक तुम्ही दाखवलीत, ती मान्य. कम्युनियनच्या (प्रार्थनेत वाटतात त्या पवित्र भाकरीच्या) रांगेत छातीवर हात बांधून गेलात तर फादर आशीर्वाद देतात, असं मी सरसकट लिहिलं होतं. सगळीकडे तशी पद्धत नाही. ते वाक्य दुरुस्त केलं आहे.

आता पंगत. तुमचं हे वाक्य मला लागलं, कारण त्यात तथ्य आहे. पण माझ्या लेखाचा चौथा परिच्छेद वाचला असतात तर ते मला ऐकवलं नसतं. गोव्यातली बहुतेक चर्चं कॅथलिक. तिथे मीसला (चर्चमधल्या उपासनेला) कुणीही बसावं, कम्युनियन मात्र कॅथलिकांचं. इतरांनी बाकावर बसून राहावं, कुणी हटकत नाही. हे मी स्वच्छ लिहिलंय. 18 डिसेंबर 2023 ला व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यायची मुभा पाद्रींना दिली. ते लग्न नव्हे, हेही सोबत बजावलं. म्हणजे दार किलकिलं झालं, पंगत झाली नाही. तेही लिहिलंय.

सर्वसमावेशक म्हणवणारी चर्चं वेगळी. मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च 1968 साली लॉस एंजेलिसजवळ ट्रॉय पेरी यांच्या घरात, बारा माणसांत सुरू झालं. समलिंगी म्हणून ज्यांना आपल्या चर्चमध्ये जागा उरली नव्हती, त्यांच्यासाठी. तिथे कम्युनियनला पुढे येणाऱ्याला बाप्तिस्मा झालाय का, कुणाबरोबर राहतोस, असलं काही विचारत नाहीत. तुम्ही म्हणता ती पंगत तिथे सगळ्यांसाठी मांडलेली असते. माझा लेख त्या चर्चांविषयी होता.

आणि हे मी कुठे वाचून सांगत नाही. माझं लहानपण म्हापशात गेलं. ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी मिलाग्रीस सायबिणीच्या (मेरीमातेच्या) फेस्ताला आई तेल घेऊन जायची, मी तिच्या पदराला धरून. सायबीण म्हणजे आपल्या लईराई देवीची बहीण, परकी कशी, असं ती म्हणायची. घरी येऊन तीच आई तुळशीपुढे दिवा लावायची. कोण बाटलं सांगा.

2019 मध्ये मी टोरंटोला भाच्याकडे राहिले. तो आणि त्याचा जोडीदार रविवारी अशाच एका चर्चला जातात. जोडीदार गोव्यातल्या सासष्टीचा, जन्माने कॅथलिक. गावच्या चर्चमध्ये कुजबुज सुरू झाली तेव्हापासून मीसला जाणंच त्याने सोडलं होतं. मी साडी नेसून शेवटच्या बाकावर बसले. गाण्याची ओळ चुकली तेव्हा शेजारच्या बाईने न बोलता माझ्या कागदावर बोट ठेवलं आणि ओळ संपेपर्यंत ते सरकवत राहिली. मग कम्युनियन. हे दोघे एकत्र पुढे गेले. पाद्री एक बाई होत्या. त्यांनी दोघांच्या खांद्यांवर एकेक हात ठेवला आणि हळू आवाजात त्या दोघांसाठीच प्रार्थना केली. जोडीदार परत आला तेव्हा त्याचा चेहरा ओला होता. मी उठले नाही, आणि का उठला नाहीत असं मला कुणी विचारलंही नाही. त्या बाकावर बसलेल्या मला तुम्ही पंगत शिकवणार?

कॉन्फ्रारियांतली जात खरी आहे. इन्क्विझिशनही खरं, 1560 ते 1812, मध्ये काही वर्षं बंद. त्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझा लेख पहिल्यांदा पायरी चढणाऱ्यासाठी होता. त्याला विचारायचं असतं, चपला काढायच्या का (नाही), सगळे गुडघ्यांवर बसले तर मी काय करू (नुसतं बसून राहा), दानाची पिशवी समोर आली तर (न टाकता पुढे द्या, चालतं). या प्रश्नांना चारशे वर्षांचा इतिहास उत्तर नाही.

तुमची प्रतिक्रिया मी ठेवली आहे. भाच्याबद्दलची शेवटची ओळ तेवढी काढली. पुन्हा लिहिलीत तर पुन्हा काढीन.