यंत्रावरचं प्लास्टिक काढू नका

ठाण्यातल्या एखाद्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर तुम्ही निवडून आला असाल, तर आधी अभिनंदन. कपाटं आहेत, वर्गणीदार आहेत, भिंतीवर माजी अध्यक्षांच्या तसबिरी आहेत. राहता राहिला दिव्यांग वाचक. त्याची सोय करा असं वरून पत्र आलेलं असणार. घाबरू नका. काचबिंदूने आमच्या अण्णांची नजर गेली चार वर्षं उतरतेय आणि तेव्हापासून अशा सोयी मी फार जवळून पाहतोय. अनुभवाचं सांगतो.

आधी रॅम्प करून टाका, त्याचा फोटो चांगला येतो. प्रमाण १:१२, म्हणजे फूटभर चढायला बारा फूट उतार. दाराशी सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर अठरा फुटांचा रॅम्प झाला. नौपाड्यात अठरा फूट मोकळे कुठे सापडायचे? सहा फुटांत उरका. त्यावर व्हीलचेअर चढणार नाही, पण ॲक्टिव्हा झकास चढते. दुसऱ्या दिवशी तिथे तीन लागलेल्या असतील आणि रॅम्पचा वापर होत नाही असं म्हणायची कोणाची छाती होणार नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे, आणि सुगम्यतेचे नियम नुसते शिफारसवजा ठेवून भागणार नाही, ते बंधनकारक करा, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राला बजावलंय. पण तुम्ही अजून इतिवृत्त कायम करण्यात गुंतलेले आहात, हे न्यायालयाला कळू शकतं.

आता यंत्र. इथे जरा वेळ देतो, कारण खरी कला इथेच आहे. व्हिडिओ मॅग्निफायर म्हणून एक वस्तू मिळते. खाली सरकती पाटी, वर कॅमेरा, त्यावर पडदा. पाटीवर पुस्तक ठेवलं की अक्षर तळहाताएवढं दिसतं, आणि हवं तर काळ्यावर पांढरं. ज्यांची थोडीफार नजर शिल्लक आहे त्यांना एवढं पुरतं. आमच्या भागातल्या एका वाचनालयाला ते देणगीत मिळालं. (नाव सांगत नाही, मला तिथून पुस्तकं आणायची असतात.) बातमी वाचून मी अण्णांना रिक्षात घालून घेऊन गेलो.

यंत्र होतं. कोपऱ्यात, कारखान्यातून आलेल्या प्लास्टिकसकट. प्लास्टिकवर कुंकवाचं स्वस्तिक, शेजारी उद्घाटनाचा नारळ. न फोडलेला. हलवून पाहिला तर आत खुळखुळत होता.

“ताई, हे बंद आहे का?” मी विचारलं.

“बंद नाहीये हो, चालू केलेलं नाहीये. वायर ड्रॉवरमध्ये आहे. ड्रॉवरची किल्ली सरांकडे. सर मंगळवारी येतात.”

अण्णा म्हणाले, “सरांनाही कमी दिसतं का?”

ताई हसल्या नाहीत. तुम्हीही हसायचं नाही. यंत्र वापरलं की बिघडतं, बिघडलं की दुरुस्तीचा खर्च, आणि खर्च म्हटला की सर्वसाधारण सभेत प्रश्न. न वापरलेलं यंत्र वर्षानुवर्षं अहवालात ‘सुस्थितीत’ राहतं.

कोणीतरी उत्साही तरुण येऊन एनव्हीडीएचं नाव काढील. हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ पासून तो घडवला, आणि तो चक्क फुकट आहे. त्या तरुणाला चहा पाजा आणि शांतपणे विचारा, फुकट वस्तूची तीन कोटेशन्स कशी मागवायची? लेखापरीक्षकाला काय दाखवायचं? बहुधा तो गप्प बसेल.

नाही बसला, तर तुमच्याकडे खात्रीचा उपाय आहे: तुमची पुस्तकांची यादी. ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेली असेल, तर जपून ठेवा. डोळ्यांना ती शुद्ध मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी तिथे मराठी नसतंच, नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. ‘कादंबरी’ आली की आवाज म्हणतो, “यू, हॅश, डॉलर, कॅपिटल पी.” अण्णांनी पाच मिनिटं मन लावून ऐकलं आणि म्हणाले, नवकविता दिसतेय. दिवाळी अंक द्यायचे तर पानांचे फोटो काढून पीडीएफ करा. दोनशे पानांची फाइल उघडेल आणि त्यात स्क्रीन रीडरला वाचण्याजोगं एक अक्षर सापडणार नाही.

वाचता येईल अशी प्रत कोणी करून मागितली, की गंभीर चेहऱ्याने म्हणा, “प्रकाशकाची परवानगी लागेल.” लागत नाही. ना नफा तत्त्वावर अशा वाचकांसाठी सुगम प्रत करायला २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा आडवा येत नाही, आणि याच कामासाठी झालेल्या माराकेश कराराला सगळ्या जगात आधी मान्यता दिली ती भारताने, २०१४ मध्ये. पण ‘परवानगी’ या शब्दाला ठाण्यात अजून मान आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयाचं नावही काढू नका. लोकांना घरबसल्या पुस्तकं मिळू लागली तर कार्यक्रमाला खुर्च्या कोण भरणार?

ब्रेल पुस्तकं मात्र ठेवाच, ती भारदस्त दिसतात. एका कादंबरीचे चार-पाच जाडजूड खंड होतात, त्यामुळे कपाट पटकन भरतं. फक्त ती उभी ठेवू नका. आडवी रचा, वर गेल्या दहा वर्षांचे मासिकांचे गठ्ठे ठेवा. वजनाने ठिपके बसतात. मग बोट फिरवणाऱ्याला ती तितकीच कळतात जितकी तुम्हाला.

आणि ३ डिसेंबर. जागतिक दिव्यांग दिन. कार्यक्रम पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात घ्या, तळमजल्यावर रद्दी असते. भाषणात १८९३ साल येऊ द्या, त्या वर्षी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. तुमच्या संस्थेचा त्याच्याशी काडीचा संबंध नसला तरी गावाची परंपरा म्हणून चालतं. एका दिव्यांग वाचकाचा सत्कार करा. गेल्या वर्षी अण्णांचा केला. दोघांनी धरून जिना चढवला, शाल पांघरली, हातात पुस्तक दिलं. त्यांनी ते उलटसुलट चाचपलं, वास घेतला आणि शेजारच्या अध्यक्षांना हळूच विचारलं, “कुठलं आहे हो?”

अध्यक्षांनी खिसे चाचपले. चष्मा खालीच राहिला होता.

नारळ दिला तो खुळखुळत होता.