बाहेरचे पासिंग

दर दुसऱ्या शनिवारी पुण्याहून साताऱ्याला आईकडे जायचे आणि वाटेत खंबाटकी घाटात अडकायचे, हा आमच्या घरचा नेम आहे. चढावर एखादा ट्रक बसला की मागची रांग थेट खंडाळ्यापर्यंत येते. (लोणावळ्याजवळच्या नव्हे, साताऱ्याच्या खंडाळ्यालाही कोणीतरी भाव द्यावा.) अशाच एका रांगेत कन्येची भुणभुण थांबावी म्हणून मी ‘बाहेरचे पासिंग’ हा खेळ काढला: परराज्यातली गाडी जो आधी ओळखेल, त्याला गुण.

नियम साधे होते, पण आमच्या घरात साधे नियम फार काळ टिकत नाहीत. तो रस्ताच बेळगाव-बंगळूरकडे जाणारा असल्यामुळे ‘केए’ला गुण द्यायचे नाहीत, गोवा आणि गुजरातला एक, ईशान्येकडच्या राज्यांना पाच, असे ठरले. त्यावर कन्येने दहा मिनिटांत नागालँडचे सात ट्रक मोजून पस्तीस गुण खिशात घातले. कर-परवान्याच्या सोयीपायी तिकडे नोंदवलेले ट्रक देशभर हिंडत असतात, हे सांगून मी ‘एनएल’ रद्द केले, तेव्हा माझ्यावर रडीचा डाव खेळल्याचा आरोप झाला. तेलंगणाचे ‘टीएस’ २०२४पासून ‘टीजी’ झाले असल्याने सौभाग्यवतींनी त्या एकाच राज्याचे दोनदा गुण वसूल केले. सर्वांत मोठे भांडण मात्र २०२१मध्ये सुरू झालेल्या ‘बीएच’ मालिकेवरून झाले. त्या पाटीवर आधी वर्षाचे आकडे येतात आणि राज्याचा पत्ताच नसतो; म्हणजे ती गाडी सगळ्याच राज्यांची, तेव्हा सगळ्यांचे गुण द्या, असा कन्येचा बिनतोड दावा होता.

मी शून्यावर होतो. गाडी चालवणाऱ्याला पुढच्या बंपरखेरीज काही दिसत नाही, हे कोणी लक्षात घेत नाही. म्हणूनच शेजारच्या रांगेत पांढऱ्या गाडीवर ‘एएस ०१’ दिसताच मी काच खाली करून, बोट रोखून, ‘आसाम!’ असे ओरडलो. ते गृहस्थ दचकून खाली उतरले आणि वाकून चारही चाके तपासू लागले. मी ओशाळून जमेल तेवढे हिंदी गोळा केले : ‘‘नहीं नहीं, टायर ठीक है, हम सिर्फ गिन रहे हैं।’’

‘‘काय मोजताय?’’ त्यांनी विचारले.

गृहस्थ विट्याचे निघाले. सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी खानापूर-आटपाडीकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगलेली आहेत; हेही त्यांतलेच, गुवाहाटीत गलाईचे दुकान असलेले, पुण्यात मुलीकडे मुक्काम करून यात्रेसाठी गावी चाललेले. ‘‘यात्रेला या की आमच्याकडे. तमिळनाडू, केरळ, बंगाल, सगळं पासिंग एका देवळापुढं दावतो,’’ असे आमंत्रणही त्यांनी दिले.

‘‘माणूस सांगलीचा आहे, तेव्हा गाडी ‘एमएच १०’ धरावी,’’ मागून सौभाग्यवतींचा निकाल आला. गुण गाडीला असतात, माणसाला नाही, असे मी तावातावाने सांगत होतो. विटेकर माझ्या बाजूने साक्ष देत होते, आणि रांग केव्हाच पुढे सरकली होती. मागचा ट्रक हॉर्न वाजवून थकला, तेव्हा त्याचा ड्रायव्हर खाली उतरला. ट्रक नागालँडचा होता, आणि तो आम्हा दोघांना जे बोलला, ते अस्सल कोल्हापुरी होते.