अलंकार ओळखा, गुण मिळवा

मराठी विषय घेऊन बी. ए. करणारी भाची लाभणे हे भाग्याचे लक्षण आहे, असे माझ्या बहिणीचे ठाम मत आहे. भाचीचा स्वाध्याय मात्र दर वेळी माझ्या घरी येतो. या खेपेचा प्रश्न होता, गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकातील अलंकारांमुळे शोकांतिकेला बळ कसे मिळते, आणि तो नेमका रविवारी दुपारी, जेवणानंतर, माझ्या उशाशी येऊन बसला.

भाचीचा हिशेब सरळ होता. उपमेला एक खूण, अनुप्रासाला दुसरी, आणि खुणांची बेरीज म्हणजे उत्तर. राम गणेश गडकऱ्यांच्या बाबतीत ही पद्धत अंगाशी येते. गोविंदाग्रज या नावाने कविता आणि बाळकराम या नावाने विनोद लिहिणारा हा लेखक नाटक लिहिताना त्या दोघांपैकी कोणालाच घरी ठेवीत नसे. त्यामुळे तासाभरात पानावर पेन्सिलच पेन्सिल झाली आणि मजकूर दिसेनासा झाला. “मामा, अलंकार नसलेली वाक्यंच सांगा, ती मोजायला सोपी पडतील,” ही तिची सूचना अगदीच टाकाऊ नव्हती.

मी म्हटले, खुणा राहू दे, नाटकातल्या वकिलाकडे बघ. सुधाकर बुद्धिमान आहे, मानी आहे. वकिलीची सनद काही काळापुरती गेल्याच्या अपमानाने तो पोळतो आणि त्याच वेळी दारुडा तळीराम दुःख विसरण्याचे औषध म्हणून पहिला प्याला पुढे करतो. पुढे त्याचा मित्र रामलाल त्याला दारू सोडण्याची गळ घालतो, तेव्हा हाच सुधाकर व्यसनाच्या एकेका पायरीचे असे वर्णन करतो, की ते दारूबंदीच्या प्रचारकांनी पाठ करावे. त्याला दृष्टान्त अडत नाही, रूपक अडत नाही. अडतो तो फक्त हात. हे सारे त्याने चाचरत, तुटक शब्दांत सांगितले असते, तर बिचाऱ्याला कळत नाही म्हणून आपण सुटलो असतो. स्वतःविरुद्धचा खटला इतक्या देखण्या भाषेत जिंकून स्वतःच शिक्षा भोगणारा वकील पाहिला, की आपली सुटका होत नाही.

“म्हणजे अलंकार कुठला?” भाचीने पेन उचलले.

मी नाट्यगत उपरोधाकडे, म्हणजे पात्राला न कळलेले प्रेक्षकाला आधीच कळण्याकडे, वळलो. तळीराम आग्रह करतो तेव्हा हा ‘एक’ एकावर थांबणार नाही, हे प्रेक्षकाला नाटकाची पाटी वाचतानाच उमगलेले असते. सुधाकराला तेव्हा ते उमगत नाही; उमगते तेव्हा हात थांबत नाही, आणि घरदार, मूल आणि पत्नी सिंधू, सगळे जाते. अखेरीस तो विषाचा प्याला घेतो, आणि संबंध नाटकात एकावर थांबलेला प्याला तेवढाच.

एवढ्यात स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, “आणि त्या सिंधूने एवढं सगळं मुकाट्यानं सोसलं, त्याला कुठला अलंकार म्हणतात?”

“अतिशयोक्ती!” भाचीने क्षणात उत्तर दिले. दिवसभरात तिने न विचारता ओळखलेला हा एकमेव अलंकार.

मला सिंधूची बाजू घेणे भाग पडले. गडकरी 1919च्या जानेवारीत वारले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला हे नाटक रंगभूमीवर आणले. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची आणि सिंधू बालगंधर्वांची. दुसऱ्यांची दळणे दळण्याची पाळी आलेली ही बाई जात्यावर ‘चंद्र चवथिचा’ म्हणते, रामाच्या बागेतल्या चाफ्याविषयी. तिथे दुःखाचा उच्चारही नाही, म्हणूनच ते पद काळजात घुसते. शिवाय दारुड्यांच्या आर्यमदिरामंडळाच्या सभेतील भारदस्त ठरावांना आपण मनसोक्त हसलेलो असतो, आणि ते हसू इथे आपल्यालाच लाजवते. असा विरोध पानावर पेन्सिलीने दाखवता येत नाही. त्यासाठी दोन्ही प्रवेश लागोपाठ मोठ्याने वाचावे लागतात.

मी ते वाचले. सौभाग्यवती पदर डोळ्यांना लावून बाहेर आल्या. (कांदा चिरणे चालू होते, हेही नोंदवतो.) भाचीने वहीत ‘विरोध – 1’ असे लिहिले, वही मिटली आणि माझ्याकडे दयेने पाहिले.

“मामा, पुढच्या सत्राला ‘राजसंन्यास’ आहे. ते अपुरंच राहिलंय म्हणतात. तुम्हाला बरं पडेल.”