फणसाच्या बाकाला गेलेल्या चिरेबद्दल

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत की बाकाच्या फळीला मार्चमध्ये वीतभर चीर गेली. पिवळंधमक लाकूड तपकिरी पडलं, म्हणजे सांगितलेलं लाकूड दिलंच नाही. गणपतीआधी कबूल केलेला बाक विसर्जनानंतर पोचला. आणि फोन केलात तर 'तुम्हीच उन्हात ठेवला असेल' असं ऐकून घ्यावं लागलं.

आधी फोनचं. ते वाक्य आमच्या माणसाने बोलायलाच नको होतं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तुमचे फोटो मी काल नीट पाहिले. बाक पॅसेजमध्ये आहे, तिथे ऊन येतच नाही. चूक आमच्या कामात आहे आणि ती फोटोतच दिसते.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही. रुंदीत मात्र दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. पॉलिशने हे थांबत नाही, फक्त सावकाश होतं. तुमचा बाक आम्ही कुडाळजवळच्या आमच्या शेडमध्ये भर पावसात जोडला. लाकूड वर्षभर सावलीत सुकवलेलं होतं, पण कोकणातल्या पावसाळ्यात सुकलेली फळीसुद्धा पुन्हा ओल ओढते. गाडीत चढवताना मीटरवर फळीतली ओल 16 टक्के होती, वहीत नोंद आहे. पुण्यातल्या फ्लॅटसाठी ती 12 च्या आत यायला हवी होती. तिथल्या उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत 16 इंच रुंदीची फळी सहज चार-पाच मिलिमीटर आकसते.

तेवढ्यानेही ती फाटली नसती. पण खालच्या आडव्या पट्ट्यांना आम्ही तिला दोन्ही कडांनी स्क्रूने आवळून टाकलं होतं. पट्टीच्या रेषा फळीच्या रेषांना काटकोनात असतात, त्यामुळे पट्टी त्या दिशेने आकसत नाही. फळी आत यायला बघते आणि स्क्रू तिला सोडत नाहीत. मग ती मधून चिरते.

हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. माझे वडील रुंद फळी बसवताना मधला स्क्रू पक्का करायचे आणि कडेच्या स्क्रूंना पट्टीत लांबट भोकं पाडायचे, म्हणजे फळी हलली की स्क्रू तिच्याबरोबर सरकतो. मला त्यांनीच ते शिकवलं. गेल्या पावसाळ्यात कामं साचली होती, म्हणून आम्ही गिरमिटाने सरळ गोल भोकं पाडली. एका बाकामागे अर्धा-पाऊण तास वाचला असेल. त्या दोन महिन्यांत असेच बांधलेले आणखी नऊ बाक गेले आहेत. त्या सगळ्यांना या आठवड्यात मी स्वतः फोन करतो आहे.

रंगाचं मात्र वेगळं आहे. लाकूड फणसाचंच आहे. नवं कापलेलं फणसाचं लाकूड हळदीसारखं पिवळं असतं आणि उजेडाने, हवेने महिन्या-महिन्याला गडद होत जातं. कोकणातल्या जुन्या घरांतली फणसाची दारं बघा, पार काळपट तांबूस झालेली असतात. हे हलक्या प्रतीचं लाकूडही नाही, तंजावरची वीणा याच लाकडात कोरतात. खात्री हवी असेल तर बाक उलटा करून पायाखालची, जमिनीला टेकणारी बाजू पाहा. तिथे अजून पिवळेपणा सापडेल. पण रंग बदलतो हे विकताना सांगायला हवं होतं, आणि ते आम्ही सांगितलं नाही.

उशिराला काही सबब नाही. चतुर्थीला आमची माणसं आपापल्या घरी जातात, शेड बंद असते. दरवर्षीचंच आहे. तारीख देताना ते धरलंच नाही. तुमच्याकडे पाहुणे येणार होते आणि त्यांच्यासाठीच बाक हवा होता, हे तुम्ही ऑर्डर देतानाच सांगितलं होतं, याचं जास्त वाईट वाटतं.

आता काय करणार ते लिहितो. फळी आम्ही नवी देतो, दोन पावसाळे सुकलेली. पुण्याला येऊन तुमच्या घरीच बसवतो, या वेळी लांबट भोकं पाडून. एक पाय डगमगतो असंही तुम्ही ओझरतं लिहिलंय, तो त्याच वेळी टाईलवर टेकवून पाहतो. येण्याजाण्याचा खर्च आमचा. आणि तुम्हाला आता हा बाकच नको असेल, तर पूर्ण 16,800 रुपये परत करतो आणि बाक आमच्या खर्चाने उचलून नेतो. दोन्हींतलं काय हवं ते तुम्ही ठरवा. उत्तर आलं की रिव्ह्यू बदला असं मी म्हणणार नाही.

तोवर एकच विनंती. चिरेत लांबी (पुट्टी) किंवा फेविकॉल-भुसा काही भरू नका. पावसाळ्यात फळी फुगून ती फट बरीचशी मिटते. आत टणक काही बसलं असेल, तर तिला मिटायला जागा राहत नाही आणि चीर पुढे पळते.