प्रेस कौन्सिल पेपर बंद करत नाही

नागपुरातल्या सीताबर्डी-इतवारीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘खोटी बातमी दिसली की प्रेस कौन्सिलला कळवा, पेपर असो की चॅनेल, लायसन्स रद्द!’ असं काही होत नाही बापा. प्रेस कौन्सिल म्हणजे वर्तमानपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी, कायद्याने स्थापन झालेली संस्था. वर्तमानपत्राला लायसन्स नसतंच, नोंदणी असते. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यातलं कलम १४ उघडून वाचा: कौन्सिल ताकीद देते, कानउघाडणी करते, निषेध नोंदवते. दंड एक रुपयाचाही नाही. चॅनेल तर तिच्या कक्षेतच येत नाहीत. त्यांना १९९५ चा केबल टीव्ही कायदा लागू. तरी तक्रार करायचीच असेल तर आधी संपादकाला पत्र लिहा, मग त्या पत्राची प्रत आणि बातमीचं कात्रण जोडून कौन्सिलकडे पाठवा. दैनिकातल्या बातमीसाठी मुदत छापल्यापासून २ महिने.