‘राजकारणी’ चुकलं, ‘उद्योजिका’ नाही

काका, नमस्कार. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत ४० वर्षं काढली असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे माझ्या बाबांच्याच पिढीचे, म्हणून काका म्हणते. अनू आगांना ‘उद्योजिका’ आणि ‘राजकारणी’ म्हणणारा माझा लेख तुम्हाला अजिबात पटला नाही. तुमचं म्हणणं असं, की थरमॅक्स ही पुण्याची बॉयलर बनवणारी कंपनी वडिलांनी काढली, नवऱ्याने वाढवली, या आयत्या खुर्चीत बसल्या आणि पुढे राज्यसभेतही मागच्या दाराने गेल्या. मग उद्योजिका कसल्या आणि राजकारणी कसल्या?

राज्यसभेचं आधी सांगते, कारण तिथे निम्मं तुमचं बरोबर आहे. एप्रिल २०१२ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची नेमणूक केली, सचिन तेंडुलकर आणि रेखा यांच्याबरोबरच. साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा यांतल्या लोकांसाठी अशा १२ जागा घटनेतच आहेत, त्यामुळे ‘मागचं दार’ मला मान्य नाही. पण मत मागायला त्या दारोदार फिरल्या नाहीत, हे खरं. नळाला पाणी नाही म्हणून रात्री अकराला फोन घेणारी आपली नगरसेविका करते ते राजकारण वेगळं. मी दोन्हींना एकच शब्द लावला, ती माझी चूक. एक मात्र लक्षात घ्या. खासदारकीच्या १० वर्षं आधी, २००२ च्या गुजरात दंगलीनंतर, त्या मदत छावण्यांत जाऊन आल्या आणि उद्योजकांच्या व्यासपीठावर उघड बोलल्या. कारखानदार माणूस सरकारला सहसा दुखवत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू!

पण ‘आयती खुर्ची’ हा शब्द मला लागला.

१९९६ मध्ये त्यांचे पती रोहिंटन आगा हृदयविकाराने गेले आणि दोनच दिवसांत कंपनी अनूंच्या गळ्यात पडली. शिक्षण समाजकार्याचं, अनुभव मनुष्यबळ विभागाचा. साधारण वर्षभराने २५ वर्षांचा मुलगा, कुरुश, अपघातात गेला. विपश्यना ध्यानाने सावरलं, असं त्या सांगतात (आपल्या इगतपुरीच्या धम्मगिरीत शिकवतात तीच). त्यात मंदी. ४०० रुपयांचा शेअर ३६ वर आला. एका भागधारकाने निनावी पत्रात ‘तुम्ही मला तोंडघशी पाडलंत’ अशा अर्थाचं सुनावलं. ते त्यांच्या जिव्हारी लागलं. मग बाहेरचे सल्लागार बोलावले, संचालक मंडळच नव्याने बसवलं, मूळ कामाशी संबंध नसलेले धंदे सोडले. नवऱ्याच्या काळातली घडी मोडायला काय लागत असेल, याचा विचार करा. २००४ मध्ये कंपनी सावरल्यावर अध्यक्षपद सोडलं आणि शाळांच्या कामात, आकांक्षा आणि टीच फॉर इंडियात, लक्ष घातलं. अध्यक्षपद मुलीकडेच, मेहेरकडे गेलं, हे तुम्ही म्हणाल. म्हणायला जागा आहे.

मला हे इतकं का लागलं, तेही सांगते. १९९८ मध्ये बाबा गेले. आमची सातपूरची शेड लहान, दोन लेथ आणि एक पॉवर प्रेस. तेराव्यानंतर आईने शटर उघडलं तेव्हा लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, अर्धवट कातलेला जॉब (लोखंडी भाग) तसाच होता, त्यावर गंज धरला होता. तिने तो काढून पदराने पुसला. पुढचे दोन महिने ती रोज रात्री स्वयंपाकघरात व्हर्नियर (बारीक मापं घेण्याची पट्टी) घेऊन स्टीलच्या वाट्या मोजत बसायची, रीडिंग चुकू नये म्हणून. एका मोठ्या कारखान्याचे खरेदी अधिकारी शेडवर आले, तिच्यासमोर उभे राहून मला विचारलं, “घरात दुसरं कोणी बघणारं नाही का?” मी तेव्हा नववीत होते. त्यांची ऑर्डर गेली. कच्चा माल उधारीवर देणाऱ्यांनी रोख मागायला सुरुवात केली.

आईलाही लोक आयतं मिळालं म्हणायचे. मिळालं काय होतं? बँकेचं कर्ज, तीन कामगारांचे थकलेले पगार आणि गंजलेला तो जॉब. शेड तिने १४ वर्षं चालवली.

लेखाच्या शीर्षकातला ‘राजकारणी’ शब्द आज काढून ‘माजी नामनियुक्त खासदार’ असं केलं आहे. ‘उद्योजिका’ तसाच ठेवला आहे.