यीस्ट दुप्पट केल्याने गुगलहुप्फ मऊ होत नाही

ऑस्ट्रिया, दक्षिण जर्मनी आणि फ्रान्समधील आल्सास या भागांत न्याहारीला किंवा कॉफीबरोबर खाल्ला जाणारा गुगलहुप्फ हा मधोमध पोकळी असलेल्या, तिरप्या चुण्यांच्या साच्यात भाजलेला गोड केक आहे. हल्ली तो बेकिंग पावडर घालूनही करतात, परंतु त्याचा जुना प्रकार यीस्टवर फुगवलेला असतो. या जुन्या प्रकाराविषयी एक मजकूर मोबाइलवरून पुष्कळ फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: यीस्ट हे रसायन असून ते पोटात गेल्यावरही फुगत राहते, तरीही केक करायचाच असेल तर यीस्ट आणि साखर दुप्पट घ्यावी, लोणी वितळवून सगळे जिन्नस एकदम कालवावेत, भांडे उन्हात ठेवावे आणि तासाभरात भाजावे, एवढे करूनही बेकरीसारखा मऊपणा येणार नाही, कारण तो ‘इम्प्रूव्हर’ नावाच्या पावडरीतून येतो. यातील एकही विधान टिकणारे नाही. ही कृती करून फसलेली माणसे पुन्हा यीस्टच्या वाटेला जात नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते, म्हणून हे उत्तर.

पहिला मुद्दा लवकर निकालात निघतो. यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे, रसायन नव्हे. गोव्यातील पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, पूर्वी पाव फुगवण्यासाठी सूर, म्हणजे माडाचा आंबलेला रस, वापरत, तेव्हा त्या सुरेतील यीस्टच हे काम करत असे. साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसला यीस्टच्या पेशी मरतात आणि नीट भाजलेल्या केकच्या गाभ्याचे तापमान ९० अंशांच्या पुढे गेलेले असते, त्यामुळे पोटात जाऊन फुगायला त्यात जिवंत यीस्ट उरतच नाही.

साखरेचा मुद्दा अधिक फसवा आहे, कारण त्यात अर्धे तथ्य आहे. यीस्ट साखरेवर वाढते हे खरे, पण ते थोड्या साखरेवर. मैद्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपुढे साखर जाऊ लागली की ती यीस्टच्या पेशींतले पाणी ओढून घेते आणि फुगण्याचा वेग मंदावतो. साखरांब्यासाठी कैरीच्या किसात साखर मिसळली की थोड्या वेळात किसाला कसे पाणी सुटते, हे आपण दर उन्हाळ्यात पाहतो. यीस्टच्या बाबतीत तेच घडते, फक्त डोळ्यांना दिसत नाही. अशा वेळी यीस्ट दुप्पट केले तर पीठ वर येते खरे, पण केकला बिअरसारखा उग्र वास राहतो, जाळी मोठी आणि ओबडधोबड पडते आणि दुसऱ्याच दिवशी तो कोरडा लागतो. ऑस्ट्रियातील घरगुती पद्धतीत यावर साधा उपाय आहे. कोमट दूध, त्यातच मावेल एवढा मैदा आणि यीस्ट यांचे सैलसर मिश्रण आधी वीस-तीस मिनिटे झाकून ठेवतात. त्याला तिथे ‘डाम्फ्ल’ म्हणतात. त्यावर बुडबुडे आले की मगच बाकीचा मैदा, साखर आणि अंडी घालतात, म्हणजे यीस्ट जोमात आल्यावर साखरेला सामोरे जाते. मी ३०० ग्रॅम मैद्याला ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ६० ग्रॅम साखर, ५ ग्रॅम मीठ, १२० मिलिलिटर दूध, दोन अंडी आणि १०० ग्रॅम बिनमिठाचे लोणी घेते, आणि यीस्ट वाढवण्याची गरज मला कधी पडलेली नाही.

लोणी वितळवून सगळे एकदम कालवण्याचा सल्ला मात्र सर्वांत जास्त नुकसान करतो. मैद्यातील प्रथिनांना पाणी मिळून ती तिंबली गेली की ग्लुटेनचे चिवट जाळे तयार होते आणि यीस्टने सोडलेला वायू त्या जाळ्यातच अडकतो. स्निग्ध पदार्थ आधीच घातला तर तो प्रथिनांवर थर धरतो आणि जाळे नीट बनत नाही. म्हणून लोण्याशिवायचे पीठ दहा-बारा मिनिटे तिंबावे, मग मऊ पण न वितळलेल्या लोण्याचे लहान तुकडे एकेक करून जिरवावेत. दुसरा-तिसरा तुकडा घातल्यावर पीठ फाटल्यासारखे होते, ओट्यावर निसरडे पसरते आणि सगळे बिघडले असे वाटते. तिथे मैदा न भुरभुरता तिंबत राहावे. शेवटी पिठाला रेशमासारखी तकाकी येते आणि त्याचा लहान गोळा दोन्ही हातांच्या बोटांनी हलके ताणला तर न फाटता इतका पातळ पडदा होतो की खिडकीचा उजेड त्यातून पलीकडे दिसतो. हा पडदा दिसला की अर्धे काम झाले.

उन्हाचेही तसेच. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळते, आणि आपल्या स्वयंपाकघरात मे महिन्यात तेवढे तापमान ऊन न दाखवताही असते. एका मे महिन्यात मीही भांडे गॅलरीत ठेवले होते. तासाभराने झाकण काढले तेव्हा पिठाभोवती पिवळ्या तुपकट द्रवाचे कडे साचले होते, आणि केक खालून गच्च, वरून कोरडा झाला. तेव्हापासून उन्हाळ्यात डाम्फ्लपुरते दूध कोमट घेते, अंडी मात्र थेट फ्रिजमधली वापरते, पीठ २४ ते २६ अंशांच्या आसपास राखते आणि एकदा फुगून आले की रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते. थंडीत यीस्टचे काम थांबत नाही, मंदावते. त्या सावकाशीत स्वाद मुरतो आणि लोणी घट्ट झाल्याने सकाळी पीठ हाताळणे सोपे जाते. मग लोणी फासलेल्या साच्याच्या प्रत्येक चुणीत एकेक बदाम ठेवून, बेदाणे मिसळलेले पीठ त्यात घालते. साच्याच्या काठाखाली दोन बोटे येईपर्यंत ते फुगू देते, याला दोन तास सहज लागतात, आणि १७५ अंशांवर ३५ ते ४० मिनिटे भाजते. तासाभरात हे होणे शक्यच नाही.

राहिला इम्प्रूव्हर. पिठाला जोर यावा म्हणून पूर्वी वापरले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट कर्करोगाच्या संभाव्य धोक्यामुळे भारतात २०१६ मध्ये परवानगीच्या यादीतून काढण्यात आले. आजच्या इम्प्रूव्हरमध्ये एन्झाइमे आणि इमल्सिफायर, म्हणजे पाणी आणि स्निग्धांश एकजीव ठेवणारे पदार्थ, असतात; रोज शेकडो नग काढणाऱ्याला त्यांचा उपयोग होतो, पण घरच्या एका केकला त्यांची गरज नसते, कारण मऊपणा टिकवण्याचे काम लोणी आणि अंड्याचा बलक करतात. बलकातील लेसिथिन हेही इमल्सिफायरच आहे. गुगलहुप्फच्या जातकुळीतला मिलानचा पानेतोने पाहा: इटलीच्या २००५ मधील आदेशानुसार त्या नावाने विकायच्या केकमध्ये किमान १६ टक्के लोण्याचा स्निग्धांश आणि ४ टक्के बलक असावाच लागतो.

शिळेपणाची भीती असेल तर उरलेला केक फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण त्या थंडीत भाजलेल्या मैद्यातील स्टार्च सर्वांत लवकर कडक होते. पूर्ण निवल्यावर तो घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेरच ठेवावा, आणि तिसऱ्या दिवशी जाडसर काप करून मंद तव्यावर लोण्यात दोन्ही बाजूंनी शेकावेत. बेदाणे थोडे फुगून येतात आणि काप आतून पुन्हा लुसलुशीत होतो.